रेघ

आत्या काजळ धरत होती, बारशासाठी.
तुपाची वात, दोन विटा,
विटांवर पालथी तांब्याची ताटली.
सुरतेहून निघून, वडशाला उतरून
मी वैरागडला पोचले तेव्हा उन्हं कलली होती.
वर न बघताच ती म्हणाली,
"हिरे पिकवतेत म्हणे तिकडं, माय?"

पिकवतात. रीती दोन.

एक खडीसाखरेची.
पाकात दोरा सोडला की साखर दोऱ्याला धरत जाते, तशी.
फक्त साखरेच्या जागी शिसपेन्सिलीतलं काळं,
पाकाच्या जागी वितळलेलं लोखंड, निकेल,
दोऱ्याच्या जागी हिऱ्याचंच तिळाएवढं बी.
आणि सहा बाजूंनी सहा मुठी आवळलेल्या.
इथून नागपूर जेवढं लांब
तेवढं जमिनीत सरळ खाली गेलीस
तर तिथं असेल तेवढा दाब.
डब्यात चुकून हवा राहते,
तिचा पिवळेपणा दाण्यात उतरतो.
धातूचा कण अडकला
तर हिरा लोहचुंबकाकडे सरकतो,
लाजत लाजत.

"अन् दुसरी?"

दुसरी ही. तू आता करतेस ती.
बंद भांडं, आतली हवा उपसून टाकलेली,
तळाशी हिऱ्याचे पातळ चौकोनी काप.
गोबर गॅसमधला तोच मिथेन, चिमूटभर,
बाकी सगळा हायड्रोजन.
त्याचा जांभळा गोळा पेटतो.
पेटतो म्हणजे जळत नाही,
धूर नाही, राख नाही.
कार्बन खाली बसत जातो, थरावर थर,
आणि काळं जे जे बसेल
ते हायड्रोजन खरवडून नेतो.

"म्हंजे काजळ उलटं," आत्या म्हणाली.

हो. तीन-चार आठवड्यांत
तांदळाच्या दाण्याइतकी उंची.
कडेला काळी साय धरते, ती लेझरनं कापतात.
कधी रंग कोऱ्या चहासारखा येतो,
मग त्या सहा मुठींतच नेऊन घालतात, रंग जायला.
दोन्ही घरांचं असं जाणं-येणं आहे.
बारीक दाणे प्रेसवाले मापानं काढतात,
मोठा आणि नितळ हवा असला की गिऱ्हाईक आमच्याकडे.
विजेचं बिल दोघांनाही रडवतं.

"वीज कायची?"
कोळशाची, बहुतेक.
"मंग कोळसाच झाला ना तो, फिरून फिरून."
वात पुढे सारली तिनं.
"खरा कोनता पन?"

आरमोरीच्या ढोमणे सोनाराकडे सुईचं यंत्र आहे.
जमिनीतला असो, मुठीतला असो, गोळ्यातला असो,
ते सारखंच वाजतं.
यावर ती काही बोलली नाही.
नदीकाठच्या जुन्या खाणींचं नावही काढलं नाही,
जिथं शेळ्यांमागे फिरताना
आम्ही गारगोट्या परकराच्या ओच्यात भरायचो
आणि यातली एक तरी, म्हणायचो, एक तरी.

मग मी डबी उघडली.

जूनमध्ये एका रात्री, सव्वातीनला, वीज गेली.
जनरेटर अकरा मिनिटं उशिरा लागला.
माझ्याकडच्या चौदाही खिडक्या काळ्या.
सकाळपासून दाणे पुन्हा वाढू लागले,
काही झालंच नाही असे,
पण नऊ नंबरच्या एकाच्या पोटात
आडवी रेघ राहिली, केसाहून बारीक.
साहेबांनी रद्दीत टाकला. मी मागून घेतला.

त्या अकरा मिनिटांत मी काय केलं, सांगू?
लोखंड थंड होताना टिकटिकतं, ते ऐकलं.
आणि खुर्चीवर बसले.
रात्रपाळीत पहिल्यांदा.

आत्यानं तो उजेडात धरला, एक डोळा मिटून.
बोटाला तूप होतं, त्याला तो चिकटून बसला.
तिनं हात झटकला, पडेना.
"पान्यानं भिजत नाही मेला,
तुपाले कसा सोडत नाही पाय."
पुन्हा धरला. बराच वेळ.
"रेघ हाय म्हनून तरी समजते,
हा तुहा."

मग ताटली उलटी केली.
मधोमध मखमलीसारखं काळं, रुपयाएवढं.
तुपात घोटून पहिलं बोट
पाळण्यातल्या गालावर टेकवलं,
दुसरं, मी नको नको म्हणेस्तोवर,
माझ्या.